बिअरचा चोथा, चमचाभर यीस्ट आणि ‘दुप्पट प्रोटीन’

गोठेवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक कृती फिरतेय: ब्रुअरीचा (बिअर कारखान्याचा) ओला धान्याचा चोथा ड्रममध्ये भरा, बेकरीचं यीस्ट आणि गूळ टाका, दोन दिवस ठेवा. प्रोटीन दुप्पट, सरकी पेंड बंद! सोबत चोथ्याबद्दलचे आणखी काही सल्ले आणि समजही. एकेक तपासू.

‘प्रोटीन दुप्पट.’ हिशोब मांडू. १०० किलो चोथ्यात ७८ किलो तर पाणीच. उरलेल्या २२ किलोत २५ टक्के प्रोटीन धरलं तर साडेपाच किलो. आंबताना २ किलो कोरडा भाग वायू होऊन उडाला, की २० किलोत तेच साडेपाच किलो. टक्का साडेसत्तावीस झाला, प्रोटीन आहे तेवढंच. यीस्टला प्रोटीन बांधायला नत्र लागतो आणि गुळात तो नावापुरताच. पेंडही अशी बंद होत नाही. किलोभर सरकी पेंडीची जागा भरायला ओला चोथा सुमारे ४ किलो लागतो.

‘यीस्टच टाका.’ माल खराब होतो तो इथे. खरे लागतात ते मुरघासातले (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातले) लॅक्टिक जिवाणू. त्यांच्या आम्लावर चोथा टिकतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, आणि हवा मिळाली की तेच आम्ल खाऊन ड्रम तापवतं.

नीट करायचं तर चोथा आला त्याच दिवशी हात घाला. १०० किलोला २५ किलो गव्हाचा कोंडा घातला की ओल ६५ टक्क्यांवर येते. मूठ आवळून बघा: बोटांतून पाणी गळलं तर कोंडा कमी पडलाय, गोळा होऊन तळवा नुसता ओलसर झाला तर बरोबर. माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) साखर ब्रुअरीने आधीच काढून घेतलेली असते, म्हणून २ किलो मळी (मोलॅसिस) थोड्या पाण्यात कालवून शिंपडा, सोबत मुरघासाचं कल्चर (त्याच जिवाणूंचं विरजण) पाकिटावरच्या प्रमाणात. पिशवीत वीतभर थर दाबत भरा, हवा काढून तोंड बांधा, २१ दिवस हात लावू नका. मग पीएच (आंबटपणाचं माप) ४.२ किंवा खाली हवा.

‘वरची बुरशी काढून खालचं घाला.’ अजिबात नको. बुरशी दिसत नाही तिथेही तिचं विष उतरलेलं असू शकतं, आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात येतं.

‘चोथ्याने गाईला दारू चढते.’ चोथा गाळला जातो तो दारू व्हायच्या आधी. ताज्या चोथ्यात चढायला काही नसतंच.

दुभत्या गाईला २ किलोपासून सुरू करून दहा दिवसांत ८-१० किलोपर्यंत न्या. लांब वैरण कमी करू नका. चोथ्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी, तेव्हा खनिज मिश्रणही चालू ठेवा.