मॅक-टू यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांब झालंय)

मॅक-टू, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली, कारण रात्रीच उत्तर दिलं असतं तर ते इथे ठेवण्यासारखं झालं नसतं. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सी हॅरियर, म्हणजे जहाजावरून उडणारं आणि हवेत थांबून उभं उतरणारं लढाऊ विमान, त्यावरच्या माझ्या लेखाखाली या गृहस्थांनी लिहिलंय की लेखात माहिती कमी आणि गहिवर जास्त, आपल्या नेव्हीची निम्म्याहून जास्त हॅरियर अपघातात गेली ते मी "सोयीस्करपणे" गाळलं, फॉकलंडला (१९८२ चं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध) खरं काम साइडवाइंडर मिसाइलनं केलं, विक्रांतच्या स्की-जंपचा (डेकच्या टोकाला वर वळवलेला उतार, ज्यावरून विमान उडी घेतं) कोन ७ अंश होता आणि मी वेगळा दिलाय, पीटी-७६ रणगाड्यावरच्या आधीच्या लेखातही मी हेच केलं होतं, आणि मग शेवटचं वाक्य, जे मी जसंच्या तसं देतो: "ज्याला साउंड बॅरियर तोडता येत नाही त्याला फायटर म्हणणं हा निव्वळ कोकणी भाबडेपणा आहे, गच्चीवरून विमानं बघून कोणी एक्स्पर्ट होत नाही."

एक आधीच मान्य करतो. लेखाचे पहिले दोन परिच्छेद दाबोळीच्या पावसाचे होते आणि विमान तिसऱ्यात आलं. लांबलं थोडं, कबूल. आता बाकीचं.

कोकणी भाबडेपणा म्हणजे नक्की काय हो? मी वेंगुर्ल्याचा आहे, आडनावासकट लिहितो, चुकलो तर लोक बाजारात धरून विचारतात. तुम्ही विमानाच्या स्पीडचं नाव (मॅक टू, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग) लावून, फोटोच्या जागी सुखोई लावून येता आणि अख्ख्या किनारपट्टीची अक्कल काढता. मुद्दा मांडायचा होता तर मांडायचा की, इथे कोणी अडवलंय? याच लेखाखाली एका निवृत्त एअर मेकॅनिकनी माझ्या दोन वाक्यांवर आक्षेप घेतलाय, पण बोलायची पद्धत बघा त्यांची. असो.

आणि हो, गच्चीवरूनच बघितलीत. मामा दाबोळीला नेव्हीच्या वर्कशॉपात सिव्हिलियन म्हणून नोकरीला होता, राहायला चिखलीला, आणि मे महिन्याची सुट्टी आली की आम्ही पोरं तिकडे. हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात आली, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हा ती नवीकोरी होती. रनवेवर येणारं विमान हळू हळू होत शेवटी हवेत थांबायचं, नाक किंचित वर, पंखांच्या टोकांना ती बारकी चाकं लोंबलेली, खालून धुळीचा लोट, आणि आवाज असा की घराची तावदानं वाजायची आणि मामी गॅस बंद करून बाहेर यायची. तेव्हा मीही मामाला हेच विचारलं होतं, तुमच्यासारखंच, की हे मिगपेक्षा फास्ट का नाही. मामा म्हणाला, "आदी वजन इचार, स्पीड मगे." तेव्हा कळलं नाही. तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही म्हणून सांगतो.

हॅरियरच्या पेगॅसस इंजिनाला चार नॉझल. पुढच्या दोनमधून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून गरम झोत, आणि चारही एकाच वेळी मागून खाली फिरतात. सी हॅरियरचं इंजिन साधारण २१,५०० पाउंड जोर द्यायचं, म्हणजे पावणेदहा टनांच्या आसपास. रिकामं विमान साडेसहा टनांच्या आतलं, आणि इंधन, मिसाइल, टाक्या धरून जास्तीत जास्त वजन ११.९ टन. आता हिशोब तुम्हीच करा. भरलेलं विमान सरळ वर उचलताच येत नाही, म्हणून छोटी धाव आणि स्की-जंप, आणि परत येताना इंधन जळून हलकं झालं की उभं उतरायचं. त्यातही गरम हवा पातळ, इंजिनाचा जोर कमी. उत्तर अटलांटिकवर जे वजन घेऊन उतरता येतं ते गोव्याच्या मे महिन्यात येत नाही, जास्तीचं इंधन ओतून टाकावं लागतं. जोर वाढवायला इंजिनात पाणी फवारायची सोय होती, टाकी सव्वादोनशे लिटरच्या आसपास, ती दीडेक मिनिटात संपते. म्हणजे त्या पाण्याच्या जोरावर डेकवर उतरताना पायलटकडे तेवढंच दीड मिनिट. हे सगळं लेखात होतं, तुम्ही पावसाच्या परिच्छेदावरच वाचायचं सोडलंत असं दिसतंय.

आणि असं इंजिन पोटाच्या मध्यात बसवलं, तोंडाशी एवढे मोठे हवेचे गाल ठेवले की ते विमान सरळ उडताना आवाजाच्या वेगाच्या अलीकडेच राहणार (सूर मारताना ओलांडतं, तुमचं वाक्य तेवढंही बरोबर नाही). ब्रिटिशांनी हॅरियरचं सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, भावंड काढायला घेतलं होतं, पी.११५४, ते १९६५ मध्ये रद्द झालं. रशियनांच्या याक-३८ ला, तेही असंच उभं उतरणारं विमान, उचलायला वेगळी दोन इंजिनं, जी उडताना नुसता बोजा. थांबणं आणि पळणं दोन्ही नीट जमायला एफ-३५बी हे अलीकडचं अमेरिकन विमान यावं लागलं. ट्रॉलर जोरात पळतो म्हणून त्याला कोणी ओहोटीला खाडीच्या तोंडातल्या वाळूवरून आत आणत नाही, तिथे पातच (छोटी होडी) लागते.

आता तुमचा साउंड बॅरियर. १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडे मिराज थ्री आणि डॅगर ही लढाऊ विमानं होती, दोन्ही कागदावर मॅक टू, तुमचं नावच. ती सातशे किलोमीटरच्या वरून समुद्र ओलांडून यायची, दोघांनाही हवेत इंधन भरायची सोय नव्हती, त्यामुळे फॉकलंडवर पोचेपर्यंत परतीचं इंधन जेमतेम. तिथे आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून वेग वाढवायची सोय) लावला की घरी जाणं विसरा. तो मॅक टू टाकीत नसलेल्या इंधनावर कसा उडणार? १ मे ला पहिली झटापट झाली, त्यात मिराज आणि डॅगर पडली, आणि त्यानंतर मिराज बहुतेक मुख्य भूमीच्या राखणीलाच ठेवली गेली. पूर्ण युद्धात सी हॅरियरनं वीसेक विमानं पाडली आणि हवाई लढाईत स्वतःचं एकही गमावलं नाही. जी गेली ती जमिनीवरच्या माऱ्यानं आणि अपघातांत. आणि त्यातली बरीच ज्या हर्मीस या ब्रिटिश जहाजावरून उडाली तीच १९८७ मध्ये आपली विराट झाली, त्याच डेकवरून आपले व्हाइट टायगर्स, म्हणजे नेव्हीचं सी हॅरियरचं पथक, पुढे उडत राहिले. हे सांगताना गहिवर आला तर आला, मला त्याची लाज वाटत नाही.

साइडवाइंडर म्हणाल, तर बरोबर, एल मॉडेल चांगलं होतं, समोरूनही मारता यायचं. पण मिसाइल स्वतः उडत जाऊन जहाजापासून लांब गस्त घालत नाही ना? त्याला कोणीतरी तिथे न्यावं लागतं, आणि खराब समुद्रात हलणाऱ्या डेकवर परत यावं लागतं. आपल्याकडेही तेच. आपलं छोटं नॅट विमान सरळ उड्डाणात आवाजापेक्षा हळू, पण २२ नोव्हेंबर १९७१ ला बंगालच्या सीमेवर बोयऱ्याला पाकिस्तानी सेबर विमानांना कोणी गाठलं? विक्रांतवरून ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर गेलेली सी हॉक विमानं काय मॅक टू होती? तुमच्या व्याख्येनं ही सगळी मालवाहू विमानं.

पीटी-७६ चं तेच. चिलखत पातळ, हेवी मशीनगननं भोक पडेल इतकं, मी लिहिलंच होतं. पण चौदा टनांचा रणगाडा पुढची फळी उचलून, पंप सुरू करून, मागच्या वॉटरजेटवर नदीत उतरतो, आणि बंगालमध्ये नद्याच नद्या. १९७१ मध्ये गरीबपूरला याच गाड्यांनी पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांचं पथक मोडलं. त्यावर वेगळं लिहीन, इथे नको.

अपघातांचं काय, तर हो, निम्म्याहून जास्त विमानं गेली, पायलटही गेले, इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तो लेख विमान चालतं कसं यावर होता, विमान पडतं कसं यावर नव्हता. तुम्हाला त्यावर वाचायचं असेल तर तुम्ही लिहा, मी लिंक देतो. "सोयीस्करपणे" वगैरे आरोप करायला मात्र आधी चार लेख वाचावे लागतात.

आणि एक, बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला गेलात तर सी हॅरियरच्या मागच्या नॉझलपाशी उभे राहा. नॉझलच्या पाठीमागे बॉडीवर उष्णता सोसायला वेगळा पत्रा मारलेला आहे. त्या पत्र्यावरून हात फिरवणारी माणसं मी ओळखतो, त्यातल्या कोणी मला कधी स्पीड विचारला नाही. तिकीट स्वस्त आहे, आणि गच्ची लागत नाही.

राहिला स्की-जंप. विक्रांतवर तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बसवला, कोन ९.७५ अंश, मी तेच दिलंय. विराटचा १२. सात अंश इन्व्हिन्सिबल या ब्रिटिश जहाजावर होता, आणि ते जहाज आपल्याकडे कधी आलंच नाही.