‘युद्ध जकातीसाठी झालं, पश्चिम ओसाड होती’: अमेरिकन यादवीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेच्या यादवी युद्धाचं ‘खरं कारण’ सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मला तो आठवडाभरात तीनदा आला. एकदा तर शाळेच्या ग्रुपवर, जिथं एरवी सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे उपाय यापलीकडे काही येत नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: १८६१ ते १८६५ चं युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून आणि उत्तरेनं लादलेल्या जकातीवरून, म्हणजे आयात मालावरच्या करावरून, झालं. गुलाम बाळगणारे जेमतेम १.४ टक्के होते. अध्यक्ष लिंकनला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं, तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. युद्ध आटोपल्यावर दोन्हीकडचे दमलेले सैनिक पश्चिमेला गेले, तिथली ओसाड जमीन सरकारनं गरिबांना फुकट वाटली आणि देश उभा राहिला. शेवटी ‘शाळेत हे शिकवत नाहीत’ हे पालुपद आहेच.

यातली बरीच वाक्यं अगदीच हवेतली नाहीत, म्हणून तर ती पटतात. ती एकेक करून बघूच. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. मेसेजनं एका गोष्टीच्या दोन गोष्टी केल्या आहेत: आधी युद्ध, मग पश्चिम. भांडण पेटलं तेच मुळी पश्चिमेच्या जमिनीवरून, आणि तिच्या वाटपाचे कायदे झाले ते तोफा धडधडत असताना.

राज्यांच्या हक्कांपासून सुरुवात करू. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या गुलामगिरीच्या राज्यांनी आपण का फुटतोय हे लपवलं नव्हतं. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं आणि चारच दिवसांनी त्यानं कारणांचं पत्रक मंजूर केलं. त्यातली तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्कचं तर नाव घेऊन म्हटलंय की तिथली न्यायालयं मालकाला गुलाम बरोबर घेऊन राज्यातून नुसतं जाऊही देत नाहीत. म्हणजे आपला हक्क बजावत होतं न्यूयॉर्क, आणि त्यावर संतापलं होतं साउथ कॅरोलायना! मिसिसिपीनं तेवढाही आडपडदा ठेवला नाही. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असं त्यांच्या पत्रकात सुरुवातीलाच आहे.

शिवाय दक्षिणेला केंद्राच्या बडग्याचं वावडं कधीच नव्हतं, फक्त बडगा आपल्या बाजूनं चालायला हवा होता. पळून गेलेल्या गुलामांबद्दलचा १८५० चा कायदा केंद्राचाच. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. एका आयुक्तापुढं उभं करायचं, तो ठरवेल. त्या आयुक्ताची फी कायद्यातच लिहिलेली होती: माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. हवाली करताना कागदपत्रं जास्त लागतात, हे त्याचं समर्थन. रस्त्यावरच्या कुणाही नागरिकाला ‘चल, पकडायला मदत कर’ असं फर्मावता येत होतं, मग त्याच्या राज्याचा कायदा काहीही म्हणो.

आता पश्चिमेकडे वळू, कारण ठिणगी तिथली. १८५४ च्या कायद्यानं ठरवलं की पश्चिमेकडच्या कॅन्सस या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या रहिवाशांनी मतदानानं ठरवावं. ऐकायला किती छान. मार्च १८५५ मध्ये तिथं विधिमंडळाची निवडणूक झाली. नोंदलेले मतदार २,९०५, पडलेली मतं ६,३०७. शेजारच्या मिसूरी या गुलामगिरीच्या राज्यातून बंदुका घेऊन माणसं आली, मतं टाकून गेली. बोगस मतदानाचे किस्से आपल्याला नवे नाहीत, पण हे प्रमाण आपल्याकडच्या अट्टल कार्यकर्त्यालाही लाजवेल असं. त्यानंतर कॅन्ससमध्ये जी जाळपोळ आणि खूनबाजी सुरू झाली ती यादवीची रंगीत तालीमच होती. १८६० ची निवडणूक लिंकनच्या पक्षानं लढवली ती जुन्या राज्यांतली गुलामगिरी उखडण्याच्या वचनावर नव्हे, तर नव्या प्रदेशांत ती शिरू द्यायची नाही एवढ्यावर. निवडून आल्यावर तडजोडीचे प्रस्ताव आले तेव्हाही त्यानं आपल्या माणसांना कळवलं की बाकी काही असो, या मुद्द्यावर पोलादी साखळीसारखे घट्ट राहा. उलट दक्षिणेच्या नव्या राज्यघटनेत स्पष्ट कलम होतं की जो नवा प्रदेश मिळेल तिथं गुलामगिरी मान्य करून तिला संरक्षण द्यावंच लागेल. तिथल्या रहिवाशांना कोण विचारतो!

जकातीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. १८३२ मध्ये जकातीवरून साउथ कॅरोलायना आणि केंद्र यांच्यात जोरात वाजलं होतं, हे खरं. पण १८५७ साली जकात खाली आणली गेली होती, इतकी की कित्येक दशकांत तेवढी कमी नव्हती. ज्या वाढीव जकातीकडे मेसेज बोट दाखवतो, तिच्यावर सही झाली २ मार्च १८६१ रोजी, तीही लिंकनची नव्हे, त्याच्या आधीच्या अध्यक्षाची, बुकॅननची. तोवर सात राज्यं फुटून गेली होती, आणि विधेयक सिनेटमध्ये पार पडलं तेच मुळी त्यांचे सदस्य उठून गेल्यामुळे. घर सोडून गेलेल्यानं मागाहून बदललेल्या कुलपाला घर सोडण्याचं कारण म्हणावं, त्यातली गत.

१.४ टक्क्यांचा आकडा मात्र मजेशीर आहे, कारण तो चुकीचा नाही. मोजायची पद्धत लबाड आहे. १८६० च्या शिरगणतीत गुलामांचा मालक म्हणून सहसा एका घरातल्या एकाचंच नाव लागे. त्या नावांना साऱ्या देशातल्या, म्हणजे उत्तरेच्याही, तान्ह्या मुलांसकट सगळ्या मुक्त लोकसंख्येनं भागलं की १.४ येतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव आजोबांचं असतं. म्हणून घरातले बाकीचे नऊ जण भूमिहीन ठरत नाहीत. कुटुंबं मोजली तर फुटलेल्या राज्यांत साधारण तीनातल्या एका मुक्त कुटुंबाकडे गुलाम होते. मिसिसिपीत जवळपास निम्म्या. आणि ज्यांची मालकी सांगितली जात होती ती माणसं होती ३९ लाखांवर. देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा ज्या कापसाचा होता, तो प्रामुख्यानं त्यांच्याच हातांनी वेचला जात होता. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, आणि मुंबईचे सट्टेबाजच नव्हे तर कर्ज काढून बसलेला आपला शेतकरीही आपटला. पण तो वेगळा विषय.

लिंकनचं पत्र खरं आहे. २२ ऑगस्ट १८६२ रोजी त्यानं संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलं की एकाही गुलामाला न सोडता संघराज्य वाचवता आलं तर मी ते करीन, सगळ्यांना सोडून वाचवता आलं तर तेही करीन. मेसेज इथं थांबतो. पत्राचा शेवट असा की हे मी माझं पदाचं कर्तव्य सांगितलं. सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा तशीच आहे. आणि गंमत म्हणजे हे लिहिताना फुटलेल्या राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होता! महिन्याभरापूर्वी, २२ जुलैला, त्यानं तो मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. रणांगणावर काहीतरी यश पदरात पडेपर्यंत थांबा, नाहीतर हे हताशपणाचं लक्षण वाटेल, असा सल्ला मिळाला म्हणून तो थांबला होता. तर ते पत्र म्हणजे येणाऱ्या घोषणेसाठी केलेली मशागत.

लिंकनची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. तो जाहीरनामा केंटकी, मिसूरीसारख्या संघराज्यात राहिलेल्या गुलामगिरीच्या राज्यांना लागू नव्हता, आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांना देशाबाहेर वसवावं असे विचार लिंकननं बरीच वर्षं बाळगले. पण त्या जाहीरनाम्यानंतर सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत आले, हेही तितकंच खरं. पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांनी काय केलं याची त्यांना या मेसेजच्या लेखकापेक्षा चांगली माहिती होती.

आता ‘मग लोक ओसाड पश्चिमेला गेले’. इथं ‘मग’ही चूक आणि ‘ओसाड’ही चूक.

दक्षिणेचे सदस्य वॉशिंग्टनमध्ये होते तोवर वसाहतदारांना जमीन देण्याचा कायदा होऊ शकत नव्हता. छोटे शेतकरी पश्चिमेला गेले की तिथं गुलामगिरी नसलेली राज्यं उभी राहणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. १८६० मध्ये असं एक विधेयक कसंबसं मंजूर झालं तर बुकॅनननं नकाराधिकार वापरला. ते सदस्य गेल्यावर मात्र २० मे १८६२ ला होमस्टेड कायदा, १ जुलैला प्रशांत महासागरापर्यंतच्या रेल्वेचा कायदा आणि २ जुलैला कृषी-तंत्र महाविद्यालयांसाठी जमिनी देण्याचा कायदा, असा सपाटा लागला. ‘दोन्हीकडचे सैनिक’ तर सोडाच, मूळ होमस्टेड कायद्यात अटच होती की अर्जदारानं अमेरिकेच्या सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं.

त्याच उन्हाळ्यात मिनेसोटा राज्यात तिथले मूळ रहिवासी डकोटा लोक उपाशी होते. १८५१ आणि १८५८ च्या तहांनी त्यांच्याकडे नदीकाठची एक पट्टी उरली होती. बाकीच्या जमिनीच्या बदल्यात दरवर्षी रक्कम मिळायची. १८६२ मध्ये ती रखडली. गोदामं भरलेली होती, पण पैशाशिवाय दाणा नाही. १८ ऑगस्टला त्यांनी सरकारी ठाण्यावर हल्ला केला, आणि त्याच दिवशी सोन्याची नाणी भरलेल्या पेट्या रिजली किल्ल्यात पोचल्या. वसाहतदार शेकड्यांनी मारले गेले, त्यात बायकामुलंही होती. हे झाकायचं कारण नाही. मग लष्करी आयोग बसला. काही खटले मिनिटांत उरकले, बचावाला वकील नाही, आणि ३०३ जणांना फाशीची शिक्षा. लिंकननं कागद मागवून घेतले आणि ३९ वगळता बाकीच्यांची फाशी थांबवली. ती ३९ नावं त्यानं स्वतःच्या हातानं, अपरिचित डकोटा उच्चार अक्षरांत बसवत, एकेक करून लिहिली, चुकीचा माणूस लटकू नये म्हणून. आणखी एकाची फाशी आयत्या वेळी टळली. उरलेले ३८ मॅनकेटो गावात एकाच चौकोनी चौथऱ्यावर एकाच वेळी फाशी गेले. त्यातला एक नावाच्या घोटाळ्यात गेला. त्याची शिक्षा थांबवलेली होती.

तारीख होती २६ डिसेंबर १८६२. सहा दिवसांनी, १ जानेवारी १८६३ ला, लिंकननं मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. आणि त्याच १ जानेवारीला होमस्टेड कायदा अमलात आला. डॅनियल फ्रीमननं नेब्रास्कातल्या भूमी कार्यालयात मध्यरात्रीनंतर लगेच अर्ज भरला असं सांगतात. एकाच आठवड्यातल्या या तीन घटना. मेसेजवाल्यानं त्यांच्यामध्ये ‘मग’ कुठं घातला कोण जाणे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, डकोटांचे तह रद्द केले आणि त्यांना राज्याबाहेर काढून त्यांची जमीन विकायचा कायदा केला. २९ नोव्हेंबर १८६४ ला कोलोरॅडोत सँड क्रीकला कर्नल चिव्हिंग्टनच्या घोडदळानं शाएन आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या तळावर हल्ला केला, तेव्हा ब्लॅक केटल या त्यांच्या प्रमुखाच्या राहुटीवर अमेरिकेचाच झेंडा फडकत होता. दीडशेच्या वर माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. ही जमीन ओसाड असती तर फौज कशाला लागली असती?

राहिलं फुकट वाटप. १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, शेवटी दोन साक्षीदार आणून सिद्ध करायचं, फी सगळी मिळून १८ डॉलर. कागदावर स्वस्तच. पण बैल, नांगर, बियाणं, विहीर आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं पोट यांचा खर्च कायद्यात नव्हता. लाकूड नाही म्हणून माळाच्या गवताचे मुळांसकट ठोकळे कापून त्यांच्या भिंती रचायच्या, पावसात छत गळायचं. शंभराव्या रेखावृत्ताच्या पलीकडे पाऊस इतका बेभरवशाचा की १६० एकरांत कुटुंब जगेना. आपल्या माणदेशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चिकाटीनं टिकले तेही लाखो आहेत. कायद्याच्या हयातीत सुमारे १६ लाख जणांना मालकीपत्रं मिळाली. पण रेल्वे कंपन्यांना केंद्राकडून १३ कोटी एकर मिळाले, ते कुठल्या गरिबीपोटी? महाविद्यालयांच्या कायद्यानं प्रत्येक राज्याला दर खासदारामागे ३०,००० एकर दिले, आणि तीही बऱ्याच अंशी मूळ रहिवाशांकडून तहानं, दमदाटीनं किंवा नुसतीच घेतलेली जमीन. पर्ड्यू, कॉर्नेल, टेक्सस ए अँड एम ही त्याच कायद्याची लेकरं. पुण्या-नाशकाची किती पोरं तिथं एम.एस. करून आली, मोजदाद नाही.

आणि ज्यांच्या नावानं एवढं युद्ध झालं त्यांना काय मिळालं? जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मननं हुकूम काढून साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची जमीन गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी दिली. सुमारे ४०,००० माणसं तिथं कसू लागली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सननं जुन्या मालकांना माफी देऊन जमीन परत करायला लावली. ऑक्टोबरमध्ये हे सांगायला उत्तरेचा जनरल हॉवर्ड त्याच किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर गेला. हॉवर्डचा उजवा हात युद्धात गेलेला. मालकांना क्षमा करा, म्हणाला. बेटावरच्या लोकांनी त्याला लेखी उत्तर दिलं: आम्हाला होमस्टेड हवंय, सरकारनं तसं वचन दिलं होतं. तुमचा फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा कराल. ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो मला जमीन मिळू नये म्हणून आता इतरांशी संगनमत करतोय, त्याला क्षमा करणं मला जमायचं नाही.