‘शिमानोचा कुठलाही शिफ्टर कुठल्याही कॅसेटला चालतो’? नाही चालत!

‘शिफ्टर शिमानोचा, कॅसेट शिमानोची, मग बाकी काही बघू नका. गिअर बसत नसेल तर लिमिट स्क्रू सैल करा.’ (शिमानो ही सायकलचे सुटे भाग बनवणारी कंपनी; शिफ्टर म्हणजे गिअर बदलायची लिव्हर, कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच.) हा मेसेज फिरत फिरत जर्मनीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडे पोचला. त्याची सेकंडहँड रेसिंग सायकल ऐंशीच्या दशकातली, सहा गिअरच्या, खटक्याच्या शिफ्टरची (एक खटका, एक गिअर). हे वाचून तो तिला आठ गिअरची कॅसेट लावायला निघाला!

आधी त्या स्क्रूचं बघू, कारण तो सल्ला घातक आहे. लिमिट स्क्रू डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, फक्त दोन टोकांना अडवतात: साखळी छोट्या चकतीवरून फ्रेमकडे पडू नये आणि मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये जाऊ नये. मधले गिअर त्यांनी जुळत नाहीत. मोठ्या चकतीकडचा स्क्रू सैल केलात आणि चढावर पायाचा पूर्ण जोर असताना डिरेलर स्पोकमध्ये शिरला, तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. डिरेलर तुटतो, स्पोक तुटतात, चालवणारा रस्त्यावर पडतो. न तपासता असलं काही पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता कंपनी एकच असण्याबद्दल. प्रसिद्ध अमेरिकन सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांचा तक्ता उघडून बघा. शिमानोच्या लगतच्या दोन चकत्यांमधलं अंतर सहा गिअरला 5.5 मिमी, सातला 5, आठला 4.8. सहाचा शिफ्टर आठच्या कॅसेटवर दर खटक्याला 0.7 मिमी जास्त पुढे जातो. पाच खटक्यांत 3.5 मिमी, म्हणजे जवळपास पाऊण चकती. केबलचा ताण बदलला तर सगळे गिअर एकदम सरकतात, खटक्याचं माप बदलत नाही. शिवाय शिमानोने 1984 मध्ये खटक्याच्या गिअरसह आणलेली ड्युरा-एस 7400 ही भागांची मालिका शिमानोच्याच इतर डिरेलरशी जुळत नाही.

चाकाचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. बऱ्याच जुन्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा जुन्या पद्धतीचा संच, आट्यांवर बसतं, तिथे कॅसेट चढतच नाही. आठ गिअरच्या रोड चाकाच्या हबची रुंदी 130 मिमी, सहाच्या फ्रेममध्ये त्यासाठी जागा साधारण 126.

सातचा शिफ्टर आठच्या कॅसेटवर बऱ्यापैकी चालतो, हे मान्य. फरक 0.2 मिमीचाच आहे. आणि बिनखटक्याच्या, फ्रिक्शन लिव्हरला तर चकत्यांमधल्या अंतराशी देणंघेणंच नसतं. त्या काळच्या शिमानोच्या बऱ्याच लिव्हरवर कडी फिरवून खटके बंद करता येतात. खटकेच हवे असतील तर सहा गिअरचं शिमानो फ्रीव्हील आजही नवं मिळतं, तेच घ्या.