एका हाताचे १६० रुपये

रविवारी माझे १६० रुपये गेले. पाकीट मारलं असतं तर एवढं लागलं नसतं. हे माझ्याच शहाणपणापायी गेले.

घरी ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ आणि दगडांच्या फटीत कुजणारं माशांचं उरलंसुरलं खाणं. ते उपसायला एक ब्रिटल स्टार हवा होता. तारामाशाचा हा सडपातळ चुलतभाऊ: मध्ये छोटी चकती, भोवती वळवळणारे पाच हात, आणि हाताला धरून उचललं तर तो हात तुमच्याच हातात ठेवून चालू लागणारा.

दुकानदाराने आधी हिरवा काढला. "मॅडम, हा क्लीनर. सगळं साफ करतो."

खरं आहे. मासेसुद्धा साफ करतो. हिरवा म्हणजे ऑफिअराक्ना इन्क्रासाटा. रात्री हातांवर उभा राहून चकती वर उचलतो, मस्त मंडप घालतो. आडोसा समजून मासा आत शिरला की हात पिळले जातात आणि मंडपाचा पिंजरा होतो. शिवाय वाढला की एकेक हात २० सेंटिमीटरच्या पुढे. माझी अख्खी टाकी ६० सेंटिमीटर लांब. हे ऑफिअराक्ना वगैरे मी बोलत असताना शेजारी गप्पीचं खाणं घ्यायला आलेले एक काका ऐकत होते.

"हिरवाच घ्या," काका म्हणाले. "ताजा दिसतोय."

कोथिंबिरीची जुडी असावी तसं. मी कोपऱ्यातल्या तपकिरी पट्ट्यांच्या तार्‍याकडे बोट दाखवलं. चकती जेमतेम दोन सेंटिमीटर, हात गुळगुळीत, काटे अंगालगत चपटे. सर्पंट स्टार म्हणून विकतात तो हा ऑफिओडर्मा. लहान टाकीला सोसणारा, शेजाऱ्यांच्या वाटेला न जाणारा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं.

"एक, दोन, तीन, चार... अहो, हा फुटका आहे!"

"काका, तो—"

"थांबा तुम्ही. केवढ्याला म्हणालात, ८००? पाच हातांचे ८००, म्हणजे हाती १६०. चारांचे झाले ६४०. आणि हा पलीकडचा हात टोकाला झिजलाय, त्याचे वेगळे बघू."

"काका, हाताच्या हिशोबाने नसतं," दुकानदार म्हणाला.

"मग कशाच्या? वजनाच्या? काटा आणा."

पाच मिनिटं ही घासाघीस चालली. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "चला, ६४०." इथे मी गप्प बसायला हवं होतं.

मी म्हणाले, "काका, तुटलेल्या हाताचं काही नसतं हो, काही महिन्यांत नवा फुटतो. बघायची ती चकती. टणक हवी, पांढरे डाग नकोत, खड्डा नको. उलटा केला की झटकन सुलटा झाला पाहिजे. कोळंबीचा तुकडा जवळ टाकला की हातांची टोकं हलली पाहिजेत. हात लोंबत असतील तर फुकटसुद्धा नको."

दुकानदाराने हे सगळं मन लावून ऐकलं. "नवा फुटतो? मग कमी कशाला? ८००च."

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून डोळ्यांसमोर आहे. मग गप्पीच्या खाण्याच्या डब्याला पडलेला पोचा दाखवून त्यांनी स्वतःचे पाच रुपये कमी करून घेतले आणि गेले.

राग काकांचा नाही. राग त्या 'क्लीनर' शब्दाचा आहे. या प्राण्याला गुदद्वारच नसतं. खातो त्याच तोंडाने उरलेलं बाहेर टाकतो. म्हणजे घाण टाकीतच राहते, फक्त रूप बदलतं. पाणी तुम्हालाच बदलायचंय. आणि क्लीनर आहे, आपलं आपण भागवेल म्हणून खायला घातलं नाही तर हळूहळू उपाशी मरतो. आठवड्यातून दोनदा, पंप बंद करून, तुरीच्या डाळीएवढा कोळंबीचा तुकडा चिमट्याने त्याच्या बिळाशी धरायचा, एवढं विकणारा का सांगत नाही? टाकी ३० लिटरची असेल तर विकत घेऊच नका. दगडांबरोबर ॲम्फिफोलिस नावाचे नखाएवढे तारे बऱ्याचदा फुकट येतात, आपले आपण वाढतात.

पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) मोजला तर १.०१९. माझ्या टाकीचा १.०२५. दुकानात मीठ वाचवतात. या जिवाला बाहेरच्या पाण्याशी क्षारांची तफावत सांभाळता येत नाही. थेट सोडला तर एकदोन दिवसांत चकती विरघळायला लागू शकते. म्हणून पिशवीतल्या पाण्यासकट तो बादलीत, टाकीतून हवेची बारीक नळी, नळीला गाठ, टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंब. अर्ध्या लिटरचं दीड लिटर व्हायला जवळजवळ तीन तास. मग अर्धं ओतून पुन्हा थेंब, मीटर १.०२५च्या जवळ येईपर्यंत. दुकानाचं पाणी टाकीत एक थेंबही नाही, कारण माशांच्या औषधातलं तांबं या जातीला विष. शेवटी हात न लावता टाकीच्याच पाण्याच्या डब्यात घेतला आणि डब्यासकट तळाशी नेऊन तिरका केला. पंपाच्या तोंडाला स्पंज आधीच बांधला होता, नाहीतर उरलेले हातही तिथेच गेले असते.

रात्री टॉर्चला लाल जिलेटिन लावून पाहिलं. दगडाखालून हात बाहेर आले, कोळंबीला विळखा घालून आत गेले. मी मोजले. चार.