‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ‘एपीटी’ने, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या टूलने, ताजं कसं ठेवायचं यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी अपग्रेड’ एकामागोमाग चालवले की काम झालं. रोजच्यासाठी ठीक. पहिली कमांड फक्त उपलब्ध सॉफ्टवेअरच्या याद्या ताज्या करते, सॉफ्टवेअर बदलते ती दुसरी, हेही छान सांगितलंत. पण ‘फुल-अपग्रेड’ ही तिसरी कमांड एका ओळीत उरकायला नको होती. साधं अपग्रेड बसवलेलं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) काढत नाही. फुल-अपग्रेड हा पठ्ठ्या गरज पडली तर काढतो.

डेबियन ११ वरून १२ वर जाताना मी फुल-अपग्रेड चालवलं आणि ‘वाय’ (म्हणजे ‘हो’) दाबून चहा टाकायला गेलो. परत येतो तर अर्धा डेस्कटॉप गायब! बाहेरच्या एका रेपॉझिटरीची (सॉफ्टवेअरच्या साठ्याची) जुनी ओळ सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे एपीटी कुठून सॉफ्टवेअर घेतं त्या यादीत, तशीच राहिली होती, तिच्यापायी सगळा घोळ. काय काय निघणार ते स्क्रीनवर लिहिलेलं होतं हो, वाचलं कोणी? शेवटी एपीटीचा हिस्टरी लॉग (काय बसलं, काय निघालं त्याची नोंद) उघडून एकेक पॅकेज परत बसवलं, रात्रीचे दोन वाजले.

आणि ११ वरून थेट १३ वर उडी मारू नका, मधला १२ घ्यावाच लागतो. बूटचं पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग) वेगळं आणि छोटं असेल तर आधी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ या कमांडने जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) काढा, नाहीतर जागा संपून नवा अर्ध्यातच अडकतो.