एमएसवाल्यांना व्हायरस काही करत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकाजींनी एक मेसेज टाकला, वर "फॉरवर्डेड मेनी टाइम्स". त्यात असं की एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा प्रतिकारशक्ती जास्त झाल्याचा आजार, म्हणून अशा पेशंटला कोरोना, फ्लू काही करत नाही, लस घेतली की अटॅक येतो (हार्टचा नाही, एमएस नव्यानं उसळण्याचा), आणि साथ आली की औषधं बंद करून गुळवेलाचा काढा प्या. खाली काकाजींचं, "बाई, तुह्यासाठी." प्रेमानं टाकलं ते समजते. पण मला एमएस होऊन 9 वर्षं झाली, म्हणून एकेक घेतेच.

पहिले ते "प्रतिकारशक्ती जास्त". जास्त नाही बाप्पा, बिथरलेली. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसाला चावते, म्हणून चोर आला तर ते भारी पडेल असं थोडंच आहे! ती आपल्याच मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं मायलिन, म्हणजे वायरीवरच्या प्लास्टिकसारखं वेष्टन, खाते. आता नुसता एमएस आहे म्हणून व्हायरस लवकर लागते असंही नाही, खरा प्रश्न औषध कोणतं चालू आहे आणि चालता-फिरता किती येते याचा. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर ही एमएसची औषधं घेणाऱ्यांना त्यामानानं भ्याव कमी. मी रिटुक्सिमॅबवर, दर 6 महिन्यांनी नागपूरला जाऊन सलाईनमधून घेते, ते बी पेशीच साफ करते, म्हणजे अँटिबॉडी बनवणारं घराणंच. इटलीतल्या 2021 च्या अभ्यासात याच गटातली औषधं घेणाऱ्यांना आणि नुकतंच स्टेरॉइड घेतलेल्यांना कोरोना जास्त जड गेला.

"काही करत नाही" म्हणणाऱ्याला मागच्या मे महिन्यात आमच्या घरी आणायला पाहिजे होतं. बाहेर 45 डिग्री, कुलरमध्ये पाणी नाही, आणि मला साधा व्हायरल ताप, 101. संडासला जायला उठली तर उजवा पाय उचलूनच नाही राहिला, चौकट धरून उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. सासूबाईंना वाटलं लकवा. पॅरासिटामॉल दिली, ओला पंचा मानेवर ठेवला, 3-4 तासांनी ताप उतरला तसा पाय परत आला. अंग तापलं की खराब झालेल्या नसांतून करंट नीट जात नाही, असा तात्पुरता त्रास उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1890 मध्येच लिहून ठेवला (पूर्वी तर एमएस ओळखायला पेशंटला गरम पाण्यात बसवत, काय म्हणावं!). हा नवा अटॅक नसते, पण इन्फेक्शननंतर खरा अटॅकही येऊ शकते, म्हणून ताप उतरूनही त्रास दिवसभराच्या वर राहिला तर डॉक्टरला फोन करायचा.

लसीचं. 2001 मध्ये युरोपातल्या 643 पेशंटवरचा अभ्यास आला, त्यात लसीमुळे अटॅक वाढल्याचं दिसलं नाही, फ्लूची लस त्यात होती. जपायचं ते जिवंत विषाणूच्या लसीपासून, आमच्यासारख्या औषधवाल्यांनी. फ्लूचं इंजेक्शन मेलेल्या विषाणूचं असते, नाकात मारायचा स्प्रे जिवंत, तो नाही घ्यायचा. एक अडचण मात्र खरी आहे, रिटुक्सिमॅबनंतर लगेच घेतलेली लस नीट लागत नाही, म्हणून मी पुढच्या डोसच्या महिना-दीड महिना आधी घेते. आणि घरच्या सगळ्यांना पण टोचून आणते, पोट्टे शाळेतून काय काय आणतात!

औषध बंद करा, ही तर सगळ्यात खतरनाक गोष्ट. फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं अचानक सोडली तर आजार आधीपेक्षा जोरात उलटू शकते. डोस पुढे ढकलायचा का, हे न्यूरोवाले ठरवतील, काकाजी नाही.

गुळवेल. आमच्या कुंपणालाच आहे, फुकट. पण ज्या प्रतिकारशक्तीला आपण हजारो रुपये खर्चून दाबतो तिलाच चेतवायचं कशाला? शिवाय कोरोनाकाळात गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या 43 पेशंटची माहिती देशातल्या 13 केंद्रांतून छापून आली, आणि त्यात आधीच ऑटोइम्युन आजार असलेले पण होते. आयुष मंत्रालयाला हे आरोप मान्य नाहीत, तेही सांगते. मी नाही पीत.

मी काय करते? लग्नात मंडपाच्या मोकळ्या कडेला बसते, पंगत उठली की जेवते, एसटीत मास्क. "काहून तोंड बांधून बसली वं?" असं विचारणाऱ्या 4 बाया भेटतातच. आणि ताप-खोकला आला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना, कारण फ्लूची ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत दिली तर जास्त कामाची.

हे सगळं काकाजींना पाठवलं. त्यांनी अंगठा टाकला, आणि पाच मिनिटांत ग्रुपवर कडुनिंबाच्या पाल्याचा मेसेज.