गणपतीआधीचा लायलॅक

मुंबईहून तो फोन साधारण आषाढात येतो. "काका, यंदा गणपतीच्या खोलीला लायलॅक मारूया." पलीकडे मोबाइलवर शेडकार्ड उघडलेलं असतं आणि त्यातल्या फिकट जांभळ्या लायलॅकवर बोट ठेवलेलं असतं. इकडे कोकणात पागोळ्यांची धार लागलेली असते आणि भिंतीला टेकावं तर सदरा ओला होतो. तिथपासून चतुर्थीपर्यंत जे चालतं, त्याला आपल्याकडे रंगकाम म्हणायची पद्धत आहे.

पहिली अडचण नावाची. रंगांना नावं देताना मराठी माणसाने हात आखडता घेतलेला नाही. अबोली, आमसुली, चिंतामणी, मोतिया, श्रीखंडी, वांगी. अर्धी यादी तर जेवणाच्या पानावरूनच उठून आलेली. लायलॅकच्या वेळी मात्र सगळे अडखळतात. दुकानदार म्हणतो लाइट परपल, पेंटर म्हणतो लव्हेंडर, वहिनी म्हणतात जांभळट. हे तिन्ही वेगळे रंग आहेत आणि तिघंही आपापल्या जागी ठाम असतात. संगणकावर, शून्य ते २५५ च्या मापात, लायलॅकचे आकडे लाल २००, हिरवा १६२, निळा २०० असे धरतात. लाल-निळा सारखा, म्हणून त्यात गुलाबी झाक. लव्हेंडरचे २३०, २३०, २५०; तो निळ्याकडे झुकलेला आणि बराच फिकट. तेव्हा दुकानात नाव उच्चारूच नये, शेडकार्डावरचा नंबर कागदावर लिहून न्यावा.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात इथलाच. संस्कृत 'नील' फारसीत 'नीलक' झाला, त्याचा 'लीलक', आणि अरबी-फ्रेंच मुलूख फिरून 'लायलॅक' होऊन परत आला. मुंबईला गेलेला बाळा गणपतीला 'बॉबी' होऊन येतो तसा. ज्या झुडपाच्या फुलावरून रंगाला नाव पडलं ते बाल्कन प्रदेशातलं. फुलायला त्याला कडक थंडी लागते. पौषातही पंखा बंद न करणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर ते काय फुलणार? त्यापेक्षा ताम्हण बघा. राज्यपुष्प आहे, वैशाखात नदीकाठी फुलतं आणि रंग जवळपास तोच. पेंटरला ताम्हणीची पाकळी दाखवली की निम्मे वाद मिटतात. आषाढात ती मिळत नाही, हा भाग वेगळा.

अर्थाचं म्हणाल तर साहेबाच्या देशात एकोणिसाव्या शतकात लायलॅक अर्ध्या सुतकाचा रंग होता. विधवेने काळे कपडे उतरवले की रंगीत वस्त्रांआधी राखाडी आणि फिकट जांभळा. त्याच काळातल्या फुलांच्या भाषेत मात्र जांभळं लायलॅक म्हणजे पहिलं प्रेम. एकाच रंगावर दोन्ही खाती! आपल्याकडे त्याला एकच अर्थ आहे: मुंबैकरांनी सुचवलेला रंग.

खरा खेळ उजेडाचा. कोकणातल्या खिडकीतून आत येणारा उजेड पांढरा नसतोच. माड, पोफळी, केळी यांच्यातून गाळून, हिरवा होऊन येतो. हिरवा हा लायलॅकचा नेमका विरोधी. दोन्ही एकमेकांना मारतात आणि भिंत राखेने घासलेल्या टोपासारखी दिसते. म्हणून आधी लिटरभर रंग आणून दीड बाय दोन फुटांचे दोन चौकोन मारावेत, एक खिडकीसमोर, एक खिडकीच्या भिंतीवर. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावेत. ३००० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली हा रंग मळकट गुलाबी होतो, ६५०० च्या पांढऱ्या दिव्याखाली निळा पडतो. माझं मत विचाराल तर आधी दिवा ठरवा, मग रंग. आणि कार्डावर आवडला त्यापेक्षा एक पायरी फिकट घ्या. कार्डावरची टिकली भिंतभर पसरली की गडद वाटते, मग शेजारची आजी दारातूनच विचारते, "ह्यो खंयचो रंग मारलंस रे? वांगा फासलंस काय?"

आता ओल. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेललेल्या जांभ्याच्या भिंतीला "सुकलीस का?" असं विचारून उपयोग नाही. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवा. सकाळी आतून घाम दिसला तर रंगाचा डबा उघडू नका. तरी उघडणारच, कारण चतुर्थी थांबत नाही. मग रंगाखाली फुगे येतात, लोणा, म्हणजे क्षाराची पांढरी पूड, फुटतो आणि बुरशीचे काळे ठिपके फिकट जांभळ्यावर तीळ लावल्यासारखे उठून दिसतात. जुन्या चुन्यावर थेट इमल्शन (पाण्यात कालवायचा डब्यातला रंग) मारलं तर पापुद्रे सुटतात. चुना खरवडायलाच हवा. गिलावा नवा असेल तर किमान २८ दिवस थांबून, क्षार सोसणारा प्रायमर लावूनच रंग. नाहीतर ओल्या सिमेंटचा क्षार रंगद्रव्य खातो. जांभळ्यातला लाल आधी गेला की मागे निळसर चट्टे उरतात.

हिशेब सोपा आहे. १२ बाय १० ची खोली, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दारंखिडक्या वजा जाता ४०० धरा. दोन हातांना शंभर फुटांमागे लिटर, म्हणजे चार लिटर. सगळा रंग एकदम घ्या आणि एका बादलीत ढवळून एकजीव करा. इतक्या फिकट रंगात जांभळ्याचे थेंब मोजकेच पडतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेच्या डब्यात थेंबभर फरक पडला तरी भिंतीच्या मधोमध सांधा दिसतो. तो नेमका मूर्तीच्या मागेच येतो, याचं कारण रंगशास्त्रात नाही.

भिंतीवर 'गणपती बाप्पा मोरया' लिहिणार असाल तर पांढऱ्या अक्षरांचा मोह टाळा. लायलॅकवर पांढऱ्याच्या उजळपणाचा फरक जेमतेम २.२ पट पडतो. साधा मजकूर नीट वाचता यावा म्हणून किमान ४.५ पट धरतात. वांगी रंगात लिहा. झेंडूचा पिवळा आणि माटवीतली, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या चौकटीतली, कवंडळाची रानफळं या भिंतीवर झकास उठतात. मागे भडक गुलाबी पडदा मात्र सोडू नका, त्याच्याशेजारी लायलॅक आजारी दिसतो.

एवढं सगळं जमून येतं, आरती होते, फोटो निघतो. मोबाइलचा कॅमेरा समईचा पिवळेपणा आपल्या अकलेने काढून टाकतो आणि फोटो मुंबईला पोचतो. पाच मिनिटांत उत्तर येतं, "काका, निळा मस्त दिसतोय!"